विचारायचं नाही

लातूर, १२ जानेवारी २०२५

भाऊ,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी सिंधू, तुझी धाकटी बहीण, जिचा नंबर तू पोळ्याच्या सुमारास ब्लॉक केलास. राग नाही. दिवसातून चाळीस फोन केल्यावर कुणीही करील. वैनी ताटावरून उठून उठून बेजार झाली होती, ते मला कळलंय.

आता तुला फोन करणं मीच बंद केलंय. इथल्या दवाखान्यात पंचशीला मॅडम म्हणून मनोविकाराच्या डॉक्टर आहेत. त्यांनी नियम घालून दिलाय की भावाशी बोलायचं तर पत्र लिहायचं. बॉलपेनने, खाडाखोड न करता, आणि परत न वाचता त्याच दिवशी पेटीत टाकायचं. फोनवर मी विचारते, तू हो म्हणतोस, मला पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या मिनिटाला पुन्हा पहिल्यापासून. पत्राला जायला पाच दिवस, यायला पाच. तेवढे दिवस ते न कळणं अंगावर घेऊन ब्लाउज शिवायचे, भाजी आणायची, जेवायचं. हाच इलाज. गोळ्या आहेतच.

काय विचारते ते तुला पाठ आहे. पण मॅडम म्हणाल्या, एकदा सगळं लिहून काढा, फक्त प्रश्नचिन्ह द्यायचं नाही. तर लिहिते. १९९९ च्या भाद्रपदात आबा कापसावर फवारणी करत होते. मी पंधरा वर्षांची. घरून प्यायच्या पाण्याची कॅन भरून मी शेतात नेली. आबा ते पाणी प्याले. दुपारी उलट्या सुरू झाल्या आणि नांदेडला नेईपर्यंत गेले. सगळे म्हणाले, औषधाचं वारं अंगावर आलं. माझं डोकं म्हणतं, कॅन तू धुतली नव्हतीस, तिच्यात औषध होतं, बापाला तू मारलंस. पंचवीस वर्षं झाली, ते थांबलेलं नाही. ओसीडी म्हणतात याला. लोकांना वाटतं नुसतं हात धुणं. माझ्याकडे हात धुणं नाही, माझ्याकडे ही एकच कॅन आहे.

दिवाळीनंतरच्या बिलोलीच्या बैठकीत माझे सासरे काय म्हणाले ते तू ऐकलंस. रामकिशन पाटलांनी भरल्या ओसरीत विचारलं, "जी बाई सवताच्या तोंडानं म्हणती का बापाला मी पाजलं, तिच्या हातचं माझ्या नातीनं खायचं का?" मी दाराआड उभी राहून तुझ्याकडे बघत होते. तू सतरंजीचा दोरा उपटत होतास. एक शब्द बोलला नाहीस. मग माझ्या ऋतुजाला तिथं ठेवून मला इलाजाच्या नावाखाली लातूरला काढलं. बारा वर्षांची पोर, भाऊ. तिच्या वडिलांनीही खालीच बघितलं, पण त्यांच्याकडून मला अपेक्षा नव्हती.

मे महिन्यात परत बैठक आहे. तोवर मी सुधारलेली दिसले तर ऋतुजा माझ्याकडे येईल, नाहीतर दहावीपर्यंत तिथंच. म्हणून एक मागणं आहे. मॅडमांचा एक अभ्यास चालू आहे. आजारी माणूस आणि त्याचं सख्खं धडधाकट भावंड, अशा जोडीच्या डोक्याची मशीनमध्ये तपासणी करतात. जोडी आली तर आजारी माणसाला मॅडम वर्षभर दर आठवड्याला स्वतः बघतात. एरवी महिन्यातून एकदा दहा मिनिटं. मला सख्खं तुझ्याशिवाय कुणी नाही. एक दिवस ये.

हे आता परत वाचणार नाही. पेटीत टाकायला निघाले.

सिंधू


नायगाव, २३ जानेवारी २०२५

चि. सिंधू,

तुझं पाकीट पोस्टमन थेट शेतात घेऊन आला. त्याला वाटलं कोर्टाची नोटीस हाय. मायनं तर बांधावरच बसकण मारली. तिला म्हणलं, सिंधूची खुशाली हाय. बाकी वाचून दाखवलं न्हाई.

माझं यायचं काई जमत न्हाई. हरभरा काढणीला आलाय, माणसं मिळून न्हाई राहिले. अन् माझं डोकं ठीक हाय. ठीक माणसाचं डोकं बघून मॅडम काय करणार? तेवढं एक इचारून सांग, त्या मशीनमधी नेमकं दिसतं काय? नुसतं मास अन् हाड, का माणूस मनात काय इचार करून राहिला तेबी? इथं एकजण सांगून राहिला का पोलीस लोक तसल्याच मशीनमधी घालून चोराकडून वदवून घेतात. मी काई चोर न्हाई, पण खामखा कशाला.

बैठकीचं तू मनाला लावून घेतलंस. सोयऱ्याच्या ओसरीत बसून सोयऱ्याला उलटं बोलायची आपल्यात रीत न्हाई. मुलीकडच्या माणसानं खाली बघायचं असतं. मी बोललो असतो तर तुझंच वाईट झालं असतं.

अन् ऐक, तू आधीपासनंच तशी हायेस. आबा व्हते तवाबी गोठ्याची कडी सात बार बघायचीस. माय कौतुक करायची, पोरगी लई ध्यान देती म्हणून. आजार तुझा तुझ्यापाशी हाय, कुणामुळं झाला असं काई न्हाई.

कॅन धुतली व्हतीस. हौदावर बसून राखेनं घासून धुतली व्हतीस, मी डोळ्यानं बघितलं. आता झालं समाधान? पुन्यांदा इचारू नको.

वैनीचा आशीर्वाद. गोळ्या येळेवर घे.

सुदाम


लातूर, ३१ जानेवारी २०२५

भाऊ,

तुला कुणी उत्तर मागितलं होतं का? प्रश्नचिन्ह नव्हतं. मी तुझं पत्र फोडलं, ती ओळ वाचली आणि पंधरा-सोळा दिवसांची कमाई मातीत गेली. संध्याकाळपर्यंत पत्र चौतीस वेळा वाचलं. मी शिवते त्या दुकानात एका बाईने ब्लाउज परत आणून दिला, दोन्ही बाह्या उजव्याच लागल्या होत्या.

आणि राखेनं कसं? बारावीला असताना मला सांगितलंस, साबणानं. ऋतुजाच्या बारशाला सांगितलंस, वाळूनं. मी मॅडमांना म्हटलं, बघा, भाऊ दरवेळी वेगळं सांगतो. त्या म्हणाल्या, शेजारणीला गेल्या आठवड्यात कुठली भाजी केली ते दोनदा विचारा, तीही वेगळं सांगेल, ही शंका आजाराची आहे, तिला खायला घालू नका. बरोबर आहे त्यांचं. तू माझ्यासाठी दरवेळी नवं सांगत आलास, थकून, प्रेमाने. तरी सांगते, नको सांगूस.

मशीनबद्दल विचारलं तर मॅडम नुसत्या हसल्या. मी जाऊन आलेय त्यातून. आडवं झोपवतात, आत ढकलतात, ठोकाठोकीचा आवाज येतो. डोळ्यासमोर दोन चित्रं दिसतात, हातात दोन बटणं असतात. एका चित्राला बरोबर म्हणतात. तेच दाबत राहायचं. मग मधेच न सांगता नियम उलटतो, आणि मघा बरोबर होतं ते चूक होतं. तेव्हा झटकन दुसऱ्याकडे वळायचं. बस, एवढंच. मला वळायला फार वेळ लागला. बाहेर येऊन रडले, तर मॅडम म्हणाल्या, रडू नका, हेच बघायचं होतं, तुम्ही हट्टी नाही, डोक्यातला सांधा बदलायला जड जातो.

तू येणार नसशील तर काय करीन ते पण सांगते. मी नायगावला येईन. मायच्या समोर मांडी घालून बसेन आणि तिलाच विचारेन, कॅन धुतली होती का. दिवसातून चाळीसदा. तिला तरी आठवत असेल.

धमकी आहे, होय. ऋतुजाला आई म्हणून पुरले नाही मी, आता धमकीला तरी पुरते.

सिंधू


नायगाव, १९ फेब्रुवारी २०२५

चि. सिंधू,

येऊन गेलो. आता मायच्या वाट्याला जाऊ नको. तिला मी मुदखेडच्या पाव्हण्याकडं लगीन हाय म्हणून सांगून निघालो व्हतो, ती इचारून राहिली नवरी कशी व्हती.

तुला तिथं बोललो न्हाई म्हणून आता लिहून राहिलो. मशीनवरल्या पोरानं करदोडा काढा म्हणलं, अंगठी काढा म्हणलं. चाळीस वर्षांत करदोडा काढला नव्हता. आत ढकललं तवा वाटलं तिरडीवर ठेवलं. मान आवळून बांधलेली. काचेच्या पल्याड दोघं बसून टीव्हीकडं बघून आपसात बोलत व्हते. माझ्याच डोक्याचा टीव्ही तो.

तुझ्यासारखीच चित्रं आली. एक गोल, एक तिनकोनी. गोल दाबलं का हिरवी टिकली. पाच-सहा बार हिरवी. मग गोल दाबलं अन् लाल. कळलं मला का नियम फिरला. लई चांगलं कळलं. पण अंगठा गोलावरच. लाल, लाल, लाल. सात बार मोजली मी लाल. कळून राहिलं का चूक हाय, तरी दाबून राहिलो. घामानं भिजलो आत. मला कसला आजार न्हाई ना काई न्हाई, मग असं का व्हावं?

बाहेर काढल्यावर मॅडमनं माझ्याकडं बघितलं अन् म्हणल्या, "दमलात का, भाऊ?" त्या असं का म्हणल्या? तू इचार. काय दिसलं त्यांना? फोटो निघतो का त्याचा? तो कुणाकुणाला दाखवतात? मला त्याचं पत्र येऊ दे, लवकर.

सुदाम


लातूर, २६ फेब्रुवारी २०२५

भाऊ,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा हसले. दिवाळीपासून पहिल्यांदा. चार प्रश्न एका दमात विचारलेस, आता कळलं का फोन करणाऱ्याला काय वाटतं ते?

एकेका माणसाचा निकाल मॅडम सांगत नाहीत. पण आजवर आलेल्या जोड्यांचं मिळून जे दिसतंय ते त्यांनी मला समजावलं. नियम उलटला की कपाळामागचा एक भाग जागा व्हायला हवा, त्याने सांगायचं असतं की आता सोड, दुसरं धर. आमच्यासारख्यांचा तो भाग नीट जागा होत नाही. आणि गंमत ऐक. आमच्या धडधाकट भावंडांचाही होत नाही. ज्यांना कसला त्रास नाही, जे शेती करतात, लेकरं वाढवतात, आमचे नंबर ब्लॉक करतात, त्यांचाही. म्हणजे सांधा दोघांचाही जड, फक्त माझ्याकडे तो दुखतो आणि तुझ्याकडे दुखत नाही. मॅडम म्हणाल्या, यातून कुणाचा दोष काढायचा नसतो. मला मात्र बरं वाटलं. एवढी वर्षं मला वाटायचं, या घरात मी एकटीच बिघडलेली जन्मले.

माझी प्रगती लिहिते. गॅस बंद केल्यावर एकदाच बघते. दुकानात कात्री मोजत नाही. ऋतुजाशी रविवारी बोलणं होतं, तिला मी जेवलीस का एवढं एकदाच विचारते. मॅडम बिलोलीला चिठ्ठी देणार आहेत.

आणि दमलात का असं मॅडम कशाला म्हणाल्या विचारतोस? सगळं दिसलं त्यांना. काही लपत नाही बाबा त्या मशीनपासून. लहानपणी माझ्या वाटणीचा गूळ कोण खायचा तेसुद्धा दिसलं. आता बस घाबरत.

सिंधू


नायगाव, ८ मार्च २०२५

सिंधू,

तुझं पत्र वाचल्यापासनं अन्न गोड लागून न्हाई राहिलं. मॅडमला समदं दिसलं म्हणतीस, तर तिच्या तोंडून कळण्यापरीस माझ्याच तोंडून कळू दे.

आबा गेले त्याच्या आदल्या सांजच्याला बादली फुटली व्हती. औषध कालवायला काई न्हाई म्हणून मी तीच प्यायची कॅन घेतली. तिच्यात कालवलं, पंपात वतलं, कॅन पाण्यानं हिसळली अन् घरी आणून जागेवर ठेवली. सकाळी तुला सांगायचं ध्यानात व्हतं. मी बैलाला पाणी दाखवून राहिलो व्हतो अन् तू माझ्या समोरून कॅन घेऊन गेलीस. मी बघितलं. हाक मारावी वाटली. मग म्हणलं, हिसळली तर हाय. कुठं पोरीला माघारी बोलवायचं. न्हाई मारली हाक.

तू धुतली व्हतीस का न्हाई ते मला ठाव न्हाई. मी बघितलंच न्हाई. राख, वाळू, साबण समदं मनानं सांगत आलो. आबाच्या तेराव्याला तू पहिल्यांदा इचारलंस. माणसं जेवून राहिले व्हते. मी म्हणलं, धुतली व्हतीस. ते एकदा तोंडातनं गेलं. मग तू रोज इचारायचीस अन् मी रोज तेच. तुझं लगीन मोडायला आलं तवाबी तेच, पोर काढून घेतली तवाबी गप. मला कळत न्हाई असं न्हाई. कळत व्हतं. पण बदलू कसं? एका दिवसाचं असतं तर बदललं असतं.

तू आधीपासनं कडी बघायचीस म्हणून मी मनाला सांगत आलो का हिचा आजार माझ्यामुळं न्हाई. खरं खोटं मॅडमला इचार.

मायला कळू देऊ नको. सत्तरीची हाय. नवऱ्याचं दुःख तिनं गिळलं, पोराचं गिळणार न्हाई. तुझे पाय धरतो.

सुदाम


लातूर, १७ मार्च २०२५

भाऊ,

मशीनमध्ये विचार दिसत नाहीत. मेंदूतल्या कुठल्या भागाकडे रक्त जास्त धावतं तेवढंच दिसतं. मॅडमला काही कळलेलं नाही. त्यांनी दमलात का विचारलं कारण तू घामाने भिजला होतास. मी चेष्टा केली होती.

म्हणजे तू पकडला गेलास असं वाटलं म्हणून बोललास. बहीण वाया गेली म्हणून नाही, तिची पोर काढून घेतली म्हणून नाही. तुझ्या लेकराची शपथ घालून विचारलं होतं मी तुला, वैनीच्या पायावर डोकं ठेवलं होतं. तेव्हा तोंड उघडलं नाही. एका ठोकाठोकीच्या नळीने उघडलं. थू आहे मी केलेल्या तुझ्या भाऊपणाच्या कौतुकावर. प्रेमाने सांगतो, असं लिहिलं होतं ना मी? नियम नसता तर ते पत्र परत मागवून फाडलं असतं.

तुला वाटत असेल, चला, सिंधू सुटली. मलाही वाटलं होतं. गुरुवारी दुपारी पत्र वाचलं. अर्धा तास अंग हलकं झालं. मग डोकं म्हणालं, औषधाला वास असतो, तू कॅन भरताना वास का घेतला नाहीस? घेतला असशील आणि तरी भरली असशील. झालं. तीच गाडी, नवं स्टेशन. मॅडमकडे धावले. त्या म्हणाल्या, हा आजार माहिती मागत नाही, खात्री मागतो, आणि मागच्या गोष्टींची खात्री कुणालाच मिळत नाही. भावाच्या खोटं बोलण्याने तुम्हाला आजार झाला नाही, खरं बोलण्याने जाणार नाही. मी म्हटलं, मग मला रागवू तरी द्या. त्या म्हणाल्या, रागवा, त्यावर माझ्याकडे गोळी नाही.

आजार जाणार नाही, पण पोर येऊ शकते. सासऱ्यांचं म्हणणं एकच आहे की मी बापाला पाजलं. तू मे महिन्यात त्याच ओसरीत उभा राहा आणि लिहिलंस तसं बोल. बादली, पंप, बैल, न मारलेली हाक. मायसमोर. तिचं काय होईल ते होईल. माझं झालं तेव्हा कुणी काळजी केली नाही.

तुझं पत्र यासोबत परत पाठवते. माझ्याकडे राहिलं तर मी ते दिवसातून शंभरदा वाचीन, माझं मला माहीत आहे. बैठकीला ते खिशात ने. बोलणं अडलं तर काढून दे. बायकांनी यायचं नाही असा निरोप मला आधीच आलाय, मायला मात्र बोलावलंय, ती तुझी आई म्हणून.

सिंधू


नायगाव, १६ मे २०२५

सिंधू,

परवा बैठक झाली. मी बोललो. समदं बोललो.

चहा झाल्यावर उठून उभा राहिलो अन् म्हणलं, आबाला सिंधूनं न्हाई पाजलं, कॅनमधी औषध मी कालवलं व्हतं. बादलीपासनं समदं सांगितलं. मग तुझे सासरे उठले, माझ्यापाशी आले अन् माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, "सुदामराव, बहिणीसाठी एवढं कोण करतं?"

मी म्हणलं न्हाई पाटील, खरं हाय. तर तिकडून बैठकीतले वडीलधारे मन्मथ आप्पा डोळे पुसायले. बापाच्या मरणाचं पाप अंगावर घेणारा भाऊ म्या जन्मात पाह्यला न्हाई म्हणले. मी शपथ घेतली. तर आणखीच. जेवढं खरं म्हणलं तेवढे ते रडून राहिले. मायकडं बघितलं. ती उंबऱ्यापाशी बसली व्हती. ती उठून आली अन् माझ्या पाठीवरून हात फिरवला. बाळा, पुरे, म्हणली. तिनं बी न्हाई धरलं खरं.

मग आप्पानं टॉवेल-टोपी मागवली. समद्यांसमोर मला टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. मी घालून घेतली. काय करणार, एवढे मोठे माणसं.

पोरीचं ते काई बदलले न्हाईत. म्हणले, भाऊ एवढा चांगला हाय म्हणजे दुखणं किती मोठं असंल बघा. दहावीपर्यंत बिलोलीलाच.

तू माघारी धाडलेलं माझं पत्र खिशात व्हतं. टोपी घातल्यावर ते काढायचं कसं? घरी येऊन चुलीत घातलं, मायच्या हाती लागू नये म्हणून. पण बोललो तर व्हतो. तू म्हणलीस तसं बोललो का न्हाई? बोललोच ना? एक अक्षर गाळलं न्हाई. त्यांनी मानलं न्हाई त्याला मी काय करू. आता माझ्याकडं तर काई राहिलं न्हाई ना, सिंधू?

तुझा नंबर खुला केला. फोन कर. एकदा हाव म्हण, मंग मी इचारणार न्हाई.

सुदाम


बिलोली, ३० जून २०२५

भाऊ,

पत्ता बघ. मी बिलोलीत आहे. शाळेच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली, शिलाई मशीन आणली, मॅडमकडची दर आठवड्याची वेळ सोडली, आता महिन्यातून एकदा लातूरला जाऊन येते.

शाळा उघडली त्या सोमवारी मी सासऱ्यांच्या ओसरीत गेले. एकटी. निरोप नाही, चिठ्ठी नाही, भाऊ नाही. त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. विचारलं, पाणी कुणी भरलं होतं. मी म्हटलं, मी. औषध कुणी कालवलं. मी म्हटलं, "मला माहीत नाही." ते म्हणाले, माहीत नाही म्हणजे काय, तुझा भाऊ तर सांगून गेला. मी म्हटलं, "म्हणजे माहीत नाही. कधी कळणारही नाही. तरी मी रोज स्वयंपाक करते आणि जेवते." मग त्यांनी वेड लागलेल्याकडे बघतात तसं बघितलं, आणि पोर दिली नाही.

मला खरंच माहीत नाही, भाऊ. राख म्हणणारा तूच, वाळू म्हणणारा तूच, बादली म्हणणाराही तूच. भीतीपोटी खरं बोललास, की भीतीपोटी आणखी एक रचलंस, हे मी रात्रंदिवस उकरू शकते. उकरत नाही. ओसरीतल्या माणसांनी तुझं खरं खोटं मानलं आणि तुला टोपी घातली. तू ती घातलीस. पत्र खिशात असताना घातलीस. हे मात्र मला पक्कं माहीत आहे, तुझ्याच हातचं आहे. आणि ते मी माफ करत नाही.

ऋतुजा शाळेतून जाताना माझ्या दारात थांबते. पहिले तीन दिवस उंबऱ्याबाहेर उभी होती, आजोबांनी काही खायचं नाही सांगितलं म्हणाली. चौथ्या दिवशी आत आली आणि म्हणाली, भूक लागली. मी भाकरी वाढली. माझं डोकं पिठाबद्दल काय काय बोलत होतं ते लिहीत नाही. ती जेवली, तोंड पुसलं, दप्तर उचललं आणि गेली. मी पीठ फेकलं नाही. बरी आहेस ना म्हणून तिच्या मागे धावले नाही. दुसऱ्या दिवशी ती परत आली. आता रोज येते, पंधरा मिनिटं. आई म्हणून मला एवढंच मिळालंय. बाकीचं तू ओसरीत देऊन आलास.

आता तुझं. तू विचारलंस, बोललोच ना. मग विचारलंस, काई राहिलं न्हाई ना. मग म्हणालास, एकदा हाव म्हण, मंग इचारणार न्हाई. हे वाक्य माझं आहे, मी ते तुला हजारदा म्हटलंय. हो म्हटलं की काय होतं ते मला माहीत आहे. पाच मिनिटं बरं वाटेल, सहाव्या मिनिटाला तू परत फोन करशील. म्हणून मी हो म्हणणार नाही, आणि नाही असंही म्हणणार नाही. नंबर मी बदललाय.

पत्रही पाठवू नकोस. पाठवलंस तर ते न फोडता फळीवर ठेवीन. आत काय लिहिलंय ते न कळता मी त्याच खोलीत शिवीन, जेवीन आणि पोरीला वाढीन. हे मला जमतं आता, फार वाईट शिकवणीने जमलंय. तुला ते शिकवणारं नायगावात कुणी नाही.

सिंधू